निसटलेले कौल

आमचे गाव दापोली तालुक्यात खाडीच्या काठी आहे. घरामागच्या परसात एक जुनी कोठी आहे. एके काळी तो गुरांचा गोठा होता. आता तेथे सरपण, पेंढा, नांगर, दोरखंड आणि भाताच्या बियाण्याची कणगी असते. कोठीच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत आणि छप्पर कौलारू आहे. उर्दूत आपण ज्याला खपरैल म्हणतो, त्यालाच मराठीत कौल म्हणतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस रात्री वळवाचा पाऊस झाला. दुसऱ्या रात्रीही झाला. सकाळी अंगण ओले दिसले, गारवा वाटला, सर्वांना आनंद झाला. कोठीकडे कोणी फिरकले नाही. चार-पाच दिवसांनी पेरणीसाठी अब्बांनी कणगीचे झाकण उघडले, तर आतून कुबट वास आला. वरच्या थरातील भाताला मोड आले होते आणि त्याखालचे दाणे बुरशीने काळे पडले होते. वर्षभर जपून ठेवलेले बियाणे वाया गेले. अब्बांनी मान वर करून पाहिले. छपरातून उजेडाची एक तिरीप आत येत होती. दोन कौले जागेवरून निसटली होती.

त्या वर्षी आम्हाला शेजाऱ्यांकडून बियाणे उसने आणावे लागले. दादी म्हणाली, "दोन कौलांकडे बघायला वेळ नव्हता ना? आता चार महिने त्याचाच विचार करा!"

त्यानंतर कोठीचे छप्पर कसे दुरुस्त झाले, ते या पाठात सांगायचे आहे. त्याआधी कौलारू छप्पर कसे असते, ते समजून घेऊ.

कौलारू छपराला दोन उतरत्या बाजू असतात. अशा एका बाजूला पाखे म्हणतात. दोन्ही पाखी जेथे वर एकत्र येतात, तेथे एक आडवे जाड लाकूड असते. ते आढे. उर्दूतील शहतीर हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. आढे म्हणजे छपराच्या माथ्यावरचा शहतीरच. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरत जाणारी लाकडे म्हणजे वासे. वाशांवर आडव्या, बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना रिपा म्हणतात. कौले या रिपांवर बसतात. छपराचा भिंतीबाहेर आलेला खालचा भाग म्हणजे वळचण. पाऊस पडला की वळचणीवरून पाण्याच्या धारा गळतात, त्या पागोळ्या.

कौलांचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार देशी कौलांचा. ही कौले कुंभार हाताने बनवतात. ती अर्ध्या नळीसारखी असतात. एक ओळ उताणी ठेवतात आणि तिच्या कडांवर दुसरी ओळ पालथी घालतात. ही कौले केवळ आपल्या वजनाने बसलेली असतात. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती काढून, झाडून पुन्हा नीट लावावी लागतात. या कामाला घर शाकारणे म्हणतात.

दुसरा प्रकार मंगलोरी कौलांचा. ही कौले यंत्रावर दाबून बनवतात आणि भट्टीत भाजतात. १८६५ साली बासेल मिशन या संस्थेने मंगलोर येथे कौलांचा कारखाना काढला. प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थांनी त्यात पुढाकार घेतला होता. मंगलोरजवळून नेत्रावती आणि गुरुपूर या नद्या वाहतात. त्यांच्या काठची चिकणमाती कौलांसाठी उत्तम ठरली. पुढे तेथे असे अनेक कारखाने निघाले. कौल जड असते आणि खडबडीत रस्त्यावर गाडीच्या धक्क्यांनी फुटते. समुद्रमार्गे मात्र ते सुखरूप येते. म्हणून गलबतांतून ही कौले कोकणच्या बंदरांत उतरू लागली. जुन्या घराचे एखादे कौल उलटून पाहा. त्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव किंवा शिक्का उमटवलेला दिसेल.

मंगलोरी कौलाची रचना पाहण्यासारखी असते. त्याच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी उभी धार असते. त्यामुळे शेजारची दोन कौले एकमेकांत अडकतात. कौलाच्या पाठीला, वरच्या टोकाजवळ, दोन उंचवटे असतात. ते रिपेच्या मागे अडकतात आणि कौलाला खाली घसरू देत नाहीत. वरच्या ओळीतील कौलाचे खालचे टोक खालच्या ओळीवर दोन-तीन इंच येते. पाठीला बहुधा एक लहान भोकही असते. त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधता येते.

एवढी पक्की रचना असूनही कौले सैल का होतात? याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण वारा. जोराचा वारा छपरावरून जातो, तेव्हा छपराच्या वरच्या हवेचा दाब कमी होतो. आतील हवेचा दाब त्यामानाने जास्त राहतो. त्यामुळे कौल खालून वर ढकलले जाते. छपराच्या कडा, कोपरे आणि आढे यांच्यावर हा जोर अधिक असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. रायगड जिल्ह्यात आणि दापोली, मंडणगड या भागांत हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. दुसऱ्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. या वादळांनी एक धडा शिकवला. कडेची कौले बांधलेली असलीच पाहिजेत.

दुसरे कारण लाकूड. कौल मातीचे असल्यामुळे त्याला वाळवी लागत नाही, पण रिपेला लागते. रीप आतून पोखरली की कौलाच्या वजनाने वाकते आणि कौलाचे उंचवटे तिच्यावरून सुटतात. समुद्राजवळच्या गावांत खारी हवा असते. त्या हवेने रिपांचे खिळे गंजतात आणि रीप वाशापासून सुटते.

तिसरे कारण माकडे. कोकणात हे सर्वांच्या परिचयाचे आहे! माकडांची टोळी छपरावरून उड्या मारत गेली की कौले सरकतात, काही फुटतात. आंब्याची फांदी किंवा नारळ पडूनही कौले फुटतात. कधी उंदीर आणि मांजरेही कौले हलवतात.

चौथे कारण कचरा. कौलांच्या खाचांत पाने आणि माती साचते. तिच्यावर शेवाळ वाढते. खाच भरली की पाणी सरळ खाली न वाहता बाजूने आत शिरते. अशा वेळी कौल फुटलेले नसते, तरी छप्पर गळते.

आता आमच्या कोठीकडे वळू. बियाणे गेल्यानंतर चुलतभाऊ म्हणाला, "कौले काढून टाका आणि पत्रे घाला. कटकट मिटेल." अब्बांनाही ते पटले होते. पण त्याआधी त्यांनी शेजारच्या वाडीतील सुतारकाकांना बोलावले. ही कोठी काकांच्या वडिलांनीच बांधली होती. काकांनी आत जाऊन वर पाहिले, दोन-तीन वासे हाताने ठोकले आणि म्हणाले, "भाई, वासे अजून सागवानी ठणठणीत आहेत. पाच-सहा रिपा गेल्यात आणि तीस-चाळीस कौले बदलावी लागतील. पत्रा एका दिवसात लागेल. पण उन्हात आत उभे राहवणार नाही आणि तुमचे बियाणे तापेल. पुढे ठरवा तुम्ही."

काकांचे म्हणणे खरे होते. पत्रा उन्हात लवकर तापतो आणि ती उष्णता आत सोडतो. कौल जाड मातीचे असते, ते सावकाश तापते. शिवाय कौलांच्या सांध्यांतून आतील गरम हवा बाहेर निघून जाते. म्हणून कौलारू घर उन्हाळ्यात गार वाटते. बियाण्याला अशीच कोरडी आणि गार जागा लागते. पत्र्याचाही एक गुण आहे, तो हलका असतो. कौलांचे वजन मात्र बरेच असते. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे असते. शंभर चौरस फूट छपराला सुमारे दीडशे कौले लागतात. म्हणजे तेवढ्या भागावर साडेतीनशे किलोहून जास्त भार येतो. पावसात कौले पाणी शोषतात, तेव्हा तो आणखी वाढतो. म्हणून लाकूड कुजले असेल, तर नुसती कौले बदलून भागत नाही. आमचे लाकूड चांगले होते. अब्बांनी दुरुस्ती करण्याचे ठरवले.

ती दुरुस्ती पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये झाली. या कामासाठी कोरडे दिवस हवेत. ओल्या आणि शेवाळलेल्या छपरावर चढणे म्हणजे अपघाताला बोलावणे. याचा अनुभव आमच्या घरात आहे. मी शाळेत असताना अब्बा भर जुलैमध्ये एक कौल सरळ करायला चढले होते. शेवाळावरून पाय घसरला आणि ते वळचणीवरून खाली आले. त्यांचा डावा पाय मोडला. आजही जास्त चालले की ते थोडे लंगडतात. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट आताच सांगतो. छपरावर चढणे हे जाणत्या आणि मोठ्या माणसांचे काम आहे. तुम्ही खाली राहूनही पुष्कळ मदत करू शकता.

पहिल्या दिवशी काका छपरावर चढलेच नाहीत. भर दुपारी त्यांनी कोठीचे दार बंद केले आणि आम्हाला अंधारात उभे केले. जेथून उजेड दिसेल, तेथील रिपेवर खडूने खूण करायची होती. आम्ही एकोणीस खुणा केल्या. मग काकांनी वाशांवरचे पाण्याचे डाग दाखवले. ते म्हणाले, "पाणी जिथे टपकते, तिथेच भोक असते असे समजू नका. पाणी वाशावरून खाली ओघळत येते आणि मग पडते. डागाचा माग काढत वर जायचे." आमच्या कणगीवर पडलेले पाणीही असेच तीन हात वरून ओघळत आले होते.

त्यानंतर लाकडाची तपासणी झाली. काका प्रत्येक रीप पेचकसाने टोचून पाहत. चांगल्या लाकडात पेचकस शिरत नाही. वाळवी लागलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. अशा सहा रिपा निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापण्याआधी काम सुरू झाले. शिडी लावण्याचाही नियम असतो. शिडी चार फूट उंच जात असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा. शिडी वळचणीच्या वर तीन फूट तरी आलेली हवी. ती वर दोरीने बांधावी आणि खाली एकाने धरावी. छपराजवळून विजेची तार जात असेल, तर ती बंद केल्याशिवाय कामाला हात लावू नये. काका कौलांवर थेट पाय देत नसत. त्यांनी बांबूची एक लांब शिडी पाख्यावर आडवी पसरली आणि तिचे वरचे टोक आढ्याला बांधले. त्या शिडीवर बसून ते काम करत. त्यामुळे त्यांचे वजन एका कौलावर न पडता वाशांवर वाटले जाई. कौल उचलण्यापूर्वी ते ठोकून पाहत, कारण कौलांखाली विंचू असतो. पहिल्याच ओळीत दोन निघाले!

एखादे कौल बदलायचे तर ते ओढून काढता येत नाही. वरचे कौल त्याच्यावर बसलेले असते आणि बाजूचे त्याच्यात अडकलेले असते. काका वरच्या कौलाखाली लाकडी पाचर घालून ते थोडे उचलत. बाजूचे कौलही किंचित सैल करत. मग फुटके कौल वर उचलून उंचवटे रिपेवरून सोडवत आणि खाली ओढून घेत. नवे कौल त्याच वाटेने वर सरकवत. उंचवटे रिपेपलीकडे गेले की 'खट' असा आवाज येई. मग पाचर काढली की वरचे कौल आपोआप जागेवर बसे.

जेथे रिपा बदलायच्या होत्या, तेथील सगळी कौले उतरवावी लागली. हे काम वरून खाली चालते, म्हणजे आढ्याकडून वळचणीकडे. आम्ही मुले आणि मोठी माणसे ओळीने उभी राहिलो आणि कौले हातोहात खाली घेतली. नव्या रिपा ठोकताना त्यांच्यातील अंतर फार महत्त्वाचे असते. मंगलोरी कौलांसाठी ते साधारण साडेबारा इंच असते. काकांनी मात्र आधी आमचीच दोन कौले एकमेकांवर बसवून माप घेतले, कारण प्रत्येक कारखान्याच्या कौलात थोडा फरक असतो. अंतर जास्त झाले, तर वरचे कौल खालच्यावर पुरेसे येत नाही आणि वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरतो. नव्या रिपांना वाळवीचे औषध लावले होते आणि खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरले होते.

खाली अंगणात आमचे काम चालू होते. उतरवलेल्या कौलांचे आम्ही तीन ढीग केले: चांगली, टवका उडालेली आणि तडा गेलेली. तडा डोळ्यांना दिसला नाही, तरी कानाला कळतो. कौल एका हातावर तोलून बोटाच्या पेराने ठोकायचे. चांगले कौल खणखणीत वाजते. तडा गेलेले कौल बद्द आवाज करते. दादी ओट्यावर बसून हे ऐकत होती. ती नुसत्या आवाजावरून सांगे, "ते बाजूला ठेवा!" आणि तिचा अंदाज क्वचितच चुके. चांगल्या कौलांच्या खाचा आम्ही काथ्याने घासून साफ केल्या आणि ती उन्हात वाळवली. फुटक्या कौलांच्या जागी काकांनी जुनी कौले मिळवली. मंगलोरचे बरेच जुने कारखाने आता बंद पडले आहेत. त्यामुळे पाडलेल्या घरांची कौले लोक जपून ठेवतात. काकांना ती कोठे मिळतील, हे ठाऊक होते.

कौले बसवण्याचे काम उलट दिशेने चालते. ते वळचणीपासून सुरू होऊन आढ्याकडे जाते. वरची ओळ खालच्या ओळीवर आली, तरच पाणी बाहेरच्या बाहेर वाहते. काकांनी वळचणीवर सुतळी ताणून बांधली आणि पहिली ओळ तिला धरून बसवली. पहिली ओळ वाकडी झाली, तर पुढच्या सगळ्या ओळी वाकड्या होतात. वळचणीची ओळ आणि दोन्ही टोकांची कौले त्यांनी तारेने रिपांना बांधली.

शेवटी आढे राहिले. आढ्यावर टोपीसारखी कोनाची कौले बसवतात आणि ती चुन्यात पक्की करतात. चुलतभावाने सिमेंटचे पोते आणले होते. काकांनी त्यातले थोडेसेच घेतले आणि चुना व वाळू जास्त घातली. निव्वळ सिमेंट दगडासारखे कडक होते. छप्पर उन्हापावसाने किंचित हलते, तेव्हा सिमेंटला तडे जातात. पुढे कधी कौल काढायचे झाले, तर सिमेंट सुटत नाही आणि कौलच फुटते. चुना त्यामानाने मऊ असतो. चुना लावण्यापूर्वी कौले पाण्यात भिजवून घेतली. कोरडे कौल चुन्यातील पाणी शोषून घेते आणि मग चुना धरत नाही. पुढे काही दिवस अब्बा सकाळ-संध्याकाळ आढ्यावर पाणी मारवून घेत.

काम संपल्यावर परीक्षा झाली. काकांनी आढ्याजवळून कळशीने सावकाश पाणी ओतले आणि आम्ही आत उभे राहून पाहिले. एका जागी थेंब आला. तेथील खाचेत काथ्याचा तुकडा राहिला होता. तो माझ्याच हातून राहिला होता. काकांनी तो काढून मला दाखवला. बोलले काहीच नाहीत.

भर पावसात कौल सरकले तर काय करावे? चढू नये. आतून, जमिनीवर उभे राहून, बांबूने ते हलकेच जागेवर ढकलता आले तर पाहावे. नाही तर गळतीखाली भांडे ठेवावे, सामान हलवावे आणि उघडीप पडण्याची वाट पाहावी. कौल पुन्हा आणता येते. मोडलेला पाय पहिल्यासारखा होत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्रीच आला. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याची सुरुवात बहुधा अशीच धडाक्याने होते. अब्बा कंदील घेऊन कोठीत गेले. मीही मागोमाग गेलो. वर पाऊस कोसळत होता. अब्बांनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर भात काढून माझ्या हातावर ठेवले. दाणे कोरडे होते.

आता दर एप्रिलमध्ये आम्ही एका दुपारी कोठीचे दार बंद करतो आणि अंधारात उभे राहून वर पाहतो. या कामाला अर्धा तास लागतो. गेल्या वर्षी दोन खुणा झाल्या होत्या.

शब्दार्थ

कोठी – सामान किंवा धान्य ठेवण्याची खोली
सरपण – जळाऊ लाकूड
कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे मोठे पात्र
वळीव – उन्हाळ्याच्या शेवटी पडणारा पाऊस
तिरीप – उजेडाची बारीक रेघ
पाचर – फटीत घालण्याचा लाकडाचा निमुळता तुकडा
पेचकस – स्क्रू पिळण्याचे हत्यार
उघडीप – पाऊस थांबून आकाश मोकळे होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बियाणे कशामुळे वाया गेले?
(आ) तडा गेलेले कौल कसे ओळखतात?
(इ) कौले बसवण्याचे काम कोठून सुरू करतात?

२. कारणे सांगा.
(अ) कौलारू घर उन्हाळ्यात गार वाटते.
(आ) आढ्यावर निव्वळ सिमेंट वापरत नाहीत.
(इ) मंगलोरची कौले कोकणात गलबतांतून येत.

३. 'दुरुस्ती', 'मजबूत', 'सामान', 'जमीन' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या घराचे किंवा शाळेचे छप्पर कशाचे आहे? ते पावसाळ्यापूर्वी कोण व कसे तपासते, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.